कर्नाळ्याचा सुळका गाण्यात कसा शिरला

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाने पेणच्या दिशेला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका नजरेत भरतो. मूठ आवळून अंगठा वर धरावा, तसा काळ्या बसाल्टचा तो उभा खांब. त्याच्या पोटात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि वर, माणसाचा हात पोचणार नाही अशा कपारींना आग्या मधमाश्यांची पोळी लटकलेली असतात. गडावर येणारे बहुतेक लोक सुळक्याचा फोटो काढतात आणि परततात. गो. नी. दांडेकरांनी मात्र त्यात एक आख्खी गोष्ट पाहिली. या परिसरातले ठाकर, त्यांचा लिंगोबाचा डोंगर, डोंगरावरची मोहोळं आणि त्या मोहोळांशी वैर धरणारा एक ढोल वाजवणारा तरुण यांची ती गोष्ट म्हणजे ‘जैत रे जैत’ ही कादंबरी. १९७७ साली जब्बार पटेलांनी तिचा चित्रपट केला. ना. धों. महानोरांनी गाणी लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी ती बांधली. इतकी वर्षं लोटली तरी ती गाणी मराठी घरांत वाजतात आणि महाविद्यालयांच्या स्पर्धांत गायली जातात. दगडाचे शब्द झाले, शब्दांचे सूर झाले आणि सुरांची पुन्हा चित्रं झाली. हा प्रवास पनवेल तालुक्याच्या हद्दीतून सुरू झाला, आणि प्रेरणा नावाची गोष्ट नेमकी कशी काम करते हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

हा विषय आज काढण्याला कारण आहे. पनवेल, उरण, पेण या पट्ट्यात गाण्यांचे व्हिडिओ बनवणारी तरुण मंडळी आता गावोगाव आहेत. हळदीची गाणी, एकवीरा आईची गाणी, होळीची, नारळी पौर्णिमेची गाणी. चाल गावातल्याच कुणाची, कॅमेरा मित्राचा, ड्रोन भाड्याने आणलेला, एडिटिंग घरच्या कॉम्प्युटरवर. हात तयार आहेत आणि हौस तर उदंड आहे. पण असे पाच-दहा व्हिडिओ ओळीने पाहिले की खटकतं. खाडीवरून वर चढत जाणारा तोच ड्रोनशॉट, होडीच्या नाळेवर हात पसरून उभा असलेला तोच नायक, एकाच रंगाची लुगडी नेसलेल्या मुलींची तीच रांग, संथ गतीने उधळलेली तीच हळद. यात कुणाच्या गुणवत्तेचा दोष नाही. व्हिडिओ बनवणारा माणूस प्रेरणेसाठी व्हिडिओच पाहतो, आणि ज्याचा व्हिडिओ तो पाहतो त्यानेही आधी व्हिडिओच पाहिलेले असतात. त्याच माध्यमातून त्याच माध्यमात उचललेली गोष्ट जशीच्या तशी उचलता येते, म्हणून ती तशीच उचलली जाते. उलट, एका कलेतली गोष्ट दुसऱ्या कलेत न्यायची तर ती जशीच्या तशी नेताच येत नाही. चित्रातला तांबडा रंग ढोलावर वाजत नाही. त्याच्या जागी ढोलाला काय करता येईल ते शोधावं लागतं. त्या शोधात नवं काही जन्मतं. म्हणून माझं म्हणणं असं की गाणं करणाऱ्याने चित्रं पाहावीत, चित्रकाराने गाण्यांचे व्हिडिओ पाहावेत, आणि दोघांनीही आपल्या कामाचा कच्चा माल शक्यतो शेजारच्या घरातून आणावा.

‘जैत रे जैत’ जरा जवळून पाहिला की हे लख्ख दिसतं. कथेतला नाग्या ढोल वाजवतो. पुण्यवंत व्हावं आणि लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी दिसावी ही त्याची आस. पण माश्यांच्या हल्ल्यात त्याचा डोळाच जातो, आणि श्रद्धेच्या जागी संताप उभा राहतो. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या त्या झुंजीत साथ देते. शेवटी मोहोळ उतरतं, पण चिंधी जगत नाही. कादंबरीतला हा मजकूर सरळ संवादांत मांडला असता तरी चित्रपट झाला असता. पटेलांनी तो डझनाहून अधिक गाण्यांत मांडला. ढोलाच्या ठेक्यावर गाणारा समूह कथा सांगतो, पुढे नेतो, मध्येच नाग्याच्या मनात शिरतो. ही युक्ती चित्रपटांतून आलेली नव्हती, ती रंगभूमीवरून आली होती. १९७२ साली पटेलांनीच बसवलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये गाणाऱ्या-नाचणाऱ्या पुरुषांची एक ओळ रंगमंचावर कधी भिंत होते, कधी गर्दी, कधी कीर्तनाचा घोळका, आणि तीच नाटकाची कथा वाहून नेते. त्या नाटकातले नाना फडणवीस, म्हणजे मोहन आगाशे, चित्रपटात नाग्या झाले. रंगमंचावर माणसांची भिंत उभी राहते. डोंगरात ती उभी करून भागत नाही, कारण मागे खरा डोंगर आहे. म्हणून चित्रपटात तो समूह मोकळा झाला, माळावर पसरला, आणि भिंतीचं काम डोंगराने केलं. माध्यम बदललं की जुन्या युक्तीचाही नव्याने विचार करावा लागतो, तो असा. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. महानोर अजिंठ्याच्या परिसरातले, पळसखेड्याचे शेतकरी कवी. त्यांचं रान वेगळं, पाऊस वेगळा, बोली वेगळी. तरीही रायगडच्या ठाकरांच्या तोंडी शोभेल अशी गाणी त्यांनी लिहिली, कारण त्यांनी ठाकरी बोलीची वरवरची नक्कल करण्याऐवजी माती आणि शरीर यांचं जे नातं त्यांना स्वतःच्या शेतात माहीत होतं ते या डोंगरात आणलं.

चित्र आणि गाणं यांची ही देवाणघेवाण दूरदर्शन किंवा यूट्यूब आल्यावर सुरू झाली असं समजणं चूक ठरेल. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात लग्नाचा चौक लिहिला जातो तेव्हा सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने चौकट रेखतात, चौकटीत पालघट देवी उभी राहते, आणि लग्न लावणारी धवलेरी गात असते. चित्र आणि गाणं मिळून लग्न लागतं. एकावाचून दुसरं अपुरं. आपल्या पनवेल-उरणच्या आगरी लग्नांतही धवलारीण आहेच. हळदीपासून पुढच्या विधींना तिचे धवले लागतात आणि प्रत्येक विधीत काय घडतंय, कुणाचा मान आहे, कुठला देव आला, हे ती गाण्यातून डोळ्यांपुढे उभं करते. आणि कोकणाच्या दुसऱ्या टोकाला, कुडाळजवळ पिंगुळीला, चित्रकथी आहेत. ठाकर समाजातले हे कलावंत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरतात आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गातात. एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. चित्र कधी बदलायचं हे गाण्याची ओळ ठरवते. एखादं चित्र एका ओळीपुरतं, एखादं मात्र लांबच लांब आलाप होईस्तोवर समोर. आज एडिटिंगच्या टेबलावर बसलेला माणूस ‘इथे कट करू की अजून धरू’ असा विचार करतो, तोच विचार पिंगुळीत शतकांपासून होत आला आहे. २०२१ साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या कलेचं नाव बऱ्याच मराठी घरांत पहिल्यांदा ऐकू आलं. व्हिडिओ बनवणाऱ्या प्रत्येकाने पिंगुळीचा एक प्रयोग पाहावा असं मला मनापासून वाटतं. चित्र जागचं हलत नाही, तरी गोष्ट धावते. ते कसं, हे शिकण्यासारखं आहे.

भारतीय चित्रपटाचा जन्मही अशाच ओलांडण्यातून झाला. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो घाटावर, लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या रंगीत शिळाछापांनी सरस्वती, लक्ष्मी, विश्वामित्र-मेनका घराघरांत नेले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके या छापखान्यासाठी काम करत होते. पुढे त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील या विचाराने झपाटले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. इथे कुणी म्हणेल की फाळक्यांना चित्रपटावरूनच चित्रपट सुचला, म्हणजे माझं म्हणणं खोटं पडलं. पण त्यांनी त्या मूकपटातून काय घेतलं ते पाहावं. पडदा हलू शकतो आणि देव त्यावर येऊ शकतात, एवढी शक्यता घेतली. रूप मात्र त्यांनी छापखान्यातून आणलं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’चं पहिलंच दृश्य, राजा-राणी आणि लहानगा रोहिदास, रविवर्म्यांच्या चित्राच्या बेताने मांडलेलं आहे. कागदावर थिजलेलं कुटुंब पडद्यावर हलू लागलं, आणि ते हलवण्यासाठी फाळक्यांना चालणं, वळणं, थांबणं, सगळं नव्याने बसवावं लागलं.

जगातल्या गाजलेल्या म्युझिक व्हिडिओंनीही हीच वाट धरलेली दिसते. नॉर्वेच्या ‘आहा’ या बँडच्या ‘टेक ऑन मी’ या गाण्याचा १९८५चा व्हिडिओ घ्या. माणसांचं चित्रीकरण करून त्यावर सुमारे ३,००० चौकटी पेन्सिलीने हाताने गिरवल्या. कॉमिकच्या पानातला नायक हात बाहेर काढून मुलीला आत ओढतो. ताकद गाण्यापेक्षाही त्या पेन्सिलीच्या थरथरत्या रेषेत आहे. पण आपल्या दृष्टीने अधिक बोलकं उदाहरण १९९१चं, ‘आर.ई.एम.’ या अमेरिकी बँडच्या ‘लूझिंग माय रिलिजन’चं. त्याचा दिग्दर्शक तरसेम सिंग, जन्म जालंधरचा. गाणं मेंडोलिनवर चालणारं, एकलकोंडं, तक्रारीच्या सुरातलं. तरसेमने त्यासाठी सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इटलीच्या काराव्हाज्जोची चित्रं समोर ठेवली; अंधारी खोली, एका बाजूने येणारा उजेड, आणि त्या उजेडात अर्धवट दिसणारी शरीरं. सोबत गार्सिया मार्केझच्या कथेतला, मोठाले पंख असलेला म्हातारा. चित्र, कथा आणि गाणं अशी तीन माध्यमं एका खोलीत आली. काराव्हाज्जोचं चित्र स्थिर असतं, म्हणून व्हिडिओत जिथे माणसं चित्रातल्यासारखी थिजून उभी राहतात तिथे गाण्याची बेचैनी दुप्पट जाणवते. चित्र कॅमेऱ्यासमोर तसंच्या तसं उभं करणं एवढ्यावर तो थांबला असता, तर ते एखाद्या शाळेच्या झांकीसारखं झालं असतं. त्याने उजेड कुठून येतो हे पाहिलं आणि तो उजेड गाण्याच्या वेळेत ओतला.

आता या म्हणण्यावर आक्षेप येणारच, आणि त्यातला पहिला वजनदार आहे. कला नकलेनेच शिकतात. गाणारा गुरूची तान हुबेहूब काढतो, जे. जे.मध्ये विद्यार्थी प्लास्टरच्या मूर्ती समोर ठेवून रेखाटतात, ढोलकीवाला दुसऱ्या ढोलकीवाल्याचे बोल उचलतो. मग त्याच माध्यमातून शिकू नका असं कसं म्हणता? तसं मी म्हणत नाही. तो रियाज आहे, आणि रियाजाला पर्याय नाही. कॅमेरा धरायला शिकायचं तर कॅमेऱ्याचंच काम पाहावं लागेल. पण हात तयार झाल्यावर त्या हाताने काय करायचं हा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे त्याच वर्तुळात फिरत राहिलं तर कौशल्य वाढतं आणि काम शिळं होतं. आपल्याच जिल्ह्यातला एक थोर चित्रकार हे फार बारकाईने सांगून गेला आहे. प्रभाकर बरवे १९३६ साली अलिबागजवळच्या नागावला जन्मले. जे. जे.मध्ये शिकल्यावर वीव्हर्स सर्व्हिस सेंटरच्या नोकरीत त्यांनी काही वर्षं बनारसला काढली, तिथे विणकरांची आणि तंत्रचित्रांची दुनिया पाहिली. घड्याळ, पान, पीस अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत अशा येतात की त्यांचं वजन आणि मोजमाप बदलून जातं. १९९० साली आलेलं त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक म्हणजे कोऱ्या पृष्ठभागासमोर बसलेल्या माणसाच्या मनात प्रतिमा कशी उगवते याचा मराठीतला बहुधा सर्वांत प्रामाणिक शोध. रंगांबद्दल लिहितानाही बरवे शब्दांत विचार करतात, आणि त्यांच्या रोजनिश्यांत लेखन आणि रेखाटन शेजारी शेजारी नांदतं. चित्रकलेचा विद्यार्थी नसलेल्या माणसानेही ते वाचावं.

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा. मोबाइलवर तीन मिनिटांत पन्नास दृश्यं बदलणारे हे व्हिडिओ म्हणजे डोळ्यांचा थकवा. प्रेरणा हवी तर संग्रहालयात जा, निसर्गात जा. संग्रहालयात जायलाच हवं, पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी चित्रकथी पानं आहेत, ती पाहायलाच हवीत. पण व्हिडिओंना सरसकट हलकं ठरवणं मला पटत नाही. वेग ही त्यांची अडचण असेल तर तो वेग पाहणाऱ्याच्या हातात आहे. आवाज बंद करून व्हिडिओ पाहिला की ठेका दृश्यात कुठे लपलाय ते कळतं: पावलांत, पदराच्या हेलकाव्यात, की नुसत्या कटिंगमध्ये. मग डोळे मिटून तेच गाणं ऐकलं की दिग्दर्शकाने काय सोडून दिलं तेही कळतं. एकच चौकट थांबवून ती चित्र म्हणून पाहावी. उजेड कुठला, रिकामी जागा कुठे, नजर आधी कुठे जाते. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला एखाद्या व्हिडिओतल्या चेहऱ्यावरच्या उजेडातून बाहुलीचा ठिपका कुठे द्यावा हे सुचू शकतं. रांगोळी काढणाऱ्या बाईंना नाचणाऱ्यांच्या रांगा वरून पाहताना नवा आकृतिबंध मिळू शकतो. गोधडी शिवणारी, नाटकाचं नेपथ्य करणारा, शाळेचा फळा सजवणारे गुरुजी, यांपैकी कुणालाही व्हिडिओची नक्कल करता येणार नाही, म्हणून यांच्या हातून नक्कल होणार नाही. तेच खरं लाभाचं आहे.

तिसरा आक्षेप मात्र नैतिक आहे आणि त्याचं उत्तर इतकं सोपं नाही. शेजारच्या कलेतून घ्या म्हणताना, कुणाची कला आणि कुणाच्या परवानगीने, हा प्रश्न उरतो. वारली चित्राचं काय झालं ते पाहा. भास्कर कुलकर्णींसारख्या जाणकारामुळे ही कला भिंतीवरून कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तिला जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि त्याच वेळी त्रिकोणी माणसांची ती नक्षी पडद्यांवर, कुर्त्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर छापली जाऊ लागली, जिचं ना पालघटाशी नातं ना वारल्यांच्या पोटापाण्याशी. या कलेला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कारणाने महत्त्वाचं. माझ्या मते इथेही माध्यम ओलांडण्याची कसोटी उपयोगी पडते. कुर्त्यावर छापलेली नक्षी म्हणजे आकार उचलणं. त्याउलट, तारपा नाचाचं चित्र पाहून, वाजवणाऱ्याभोवती गुंडाळत जाणारी ती माणसांची साखळी पाहून, एखाद्याला आपल्या गाण्याचा कॅमेरा तसाच वादकाभोवती फिरवावासा वाटला, तर त्याने आकार सोडून रचना घेतली, आणि वारल्यांचं काही हिरावलं नाही. तरीही ऋण सांगावं, नाव घ्यावं, आणि पैसा मिळाला तर ज्यांची कला त्यांना वाटा द्यावा. याबाबतीत मला कुठलीही सवलत द्यावीशी वाटत नाही.

आणि आता पनवेलकडे. नवी मुंबई विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली अशी १० गावं उठली, उलवे टेकडी सपाट झाली, आणि २०२५ साली विमानतळाचं उद्घाटन झालं. भातखाचरं, मिठागरं, खाडीतली मासेमारी आणि त्यांच्याबरोबर वाढलेली गाणी एका पिढीच्या डोळ्यांदेखत जागा बदलत आहेत. हळदीच्या व्हिडिओत मागे दिसायला हवं ते हे: टॉवरच्या सावलीत उरलेलं एखादं खळं, पुनर्वसनाच्या नव्या कोऱ्या घरात जुन्या घराचा आणलेला उंबरठा, विमानाच्या आवाजाखाली चाललेला धवला. यासाठी भाड्याचा ड्रोन लागत नाही. येत्या लग्नसराईत पनवेल-उरणच्या व्हिडिओ करणाऱ्यांनी एक करावं. शूटिंग ठरवण्याआधी आपल्या गावच्या धवलारणीकडे जावं, तिला मानाने बसवावं, तिचे धवले सलग रेकॉर्ड करावेत, आणि गावातल्या चित्र काढणाऱ्या पोरापोरींना ते ऐकवून काय दिसतं ते काढायला सांगावं. कॅमेरा त्यानंतर लावावा. धवले पाठ असलेल्या बहुतेक बायका आता वयस्क आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकींनी ते कुठेही लिहून ठेवलेले नाहीत.